रोमचा इतिहास भाषांतरातून वाचताय? या चुका टाळा

मूळ साधनांतून रोम वाचायचं, तर आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती इंग्रजी भाषांतरच असतं. त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते इंग्रजी शब्दालाच मूळ शब्द मानल्याने.

पहिला रोमन सम्राट ऑगस्टसने स्वतःच्या कारकिर्दीचा लेखाजोखा लिहून ठेवला. अंकाऱ्यातल्या मंदिराच्या भिंतींवर तो लॅटिन आणि ग्रीक, दोन्ही भाषांत कोरलेला आहे. 34व्या कलमात तो म्हणतो, की 'ऑक्टोरितास'मध्ये मी सगळ्यांच्या वर होतो, पण 'पोतेस्तास' माझ्या सहकाऱ्यांहून जास्त नव्हती. पहिल्या शब्दासाठी 'ऑथॉरिटी' वाचलं की आपण वहीत 'अधिकार' लिहून मोकळे होतो, आणि वाक्याचा अर्थच उलटतो. पदाचा अधिकार म्हणजे पोतेस्तास. ऑक्टोरितास म्हणजे वजन: हाती पद नसलं तरी ज्याचा शब्द कुणी मोडत नाही, तसं. मला तर ऑगस्टसचं सगळं राजकारण याच फरकात दिसतं. असा उतारा दोन भाषांतरांत वाचा, आणि जिथे शब्द जुळत नाहीत तिथे लॅटिन कोश उघडा.

दुसरी चूक भाषणांची. इसवी सन 48 मध्ये सम्राट क्लॉडियसने गॉलमधल्या (आजच्या फ्रान्सच्या भागातल्या) प्रतिष्ठितांना सिनेटमध्ये घ्यावं म्हणून भाषण केलं. रोमन इतिहासकार टॅसिटसने ते सुमारे 70 वर्षांनी लिहिलं: नेटकं, मुद्देसूद. पण त्याच भाषणाचा ब्राँझचा पत्रा 1528 मध्ये फ्रान्समधल्या ल्योंला सापडला. त्यात क्लॉडियस जुन्या राजांच्या गोष्टींत रमतो. मध्येच स्वतःचं नाव घेऊन, 'आता तुझं म्हणणं काय ते सांग' अशा अर्थाचं वाक्यही येतं. हे दोन मजकूर शेजारी ठेवून वाचाच. रोमन इतिहासकार भाषण कसं रचतो हे याहून स्पष्ट कुठे दिसणार नाही. तोपर्यंत अवतरणचिन्हांतलं वाक्य वक्त्याच्या नावावर टिपू नका, लेखकाच्या नावावर टिपा.

प्रास्ताविक गाळू नका. आपल्या रोमच्या इतिहासाच्या सहाव्या ग्रंथाच्या आरंभी रोमन इतिहासकार लिव्ही स्वतःच सांगतो, की गॉलांनी रोम शहर जाळलं तेव्हा बहुतेक जुन्या नोंदी गेल्या. म्हणजे आधीचे पाच ग्रंथ कसे वाचायचे हे त्यानेच सांगितलं आहे.

टिपणात पानाचा आकडा एकटा नको. आवृत्ती बदलली की पान बदलतं. ग्रंथ आणि प्रकरण लिहा: क्लॉडियसचं भाषण टॅसिटसच्या 'अ‍ॅनल्स'मध्ये 11.24.

आणि आपल्याकडे हमखास होणारी एक चूक. 'रोमचे दरवर्षी 10 कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) भारतात जात' हे वाक्य रोमन लेखक प्लिनीच्या नावावर फिरतं. प्लिनीचा 10 कोटींचा आकडा ('नॅचरल हिस्टरी' 12.84) भारत, चीन आणि अरबस्तान मिळून आहे. एकट्या भारताचा आकडा 6.101 मध्ये आहे, आणि तो 5 कोटींचा. दोन्ही उतारे मिळून पाच मिनिटांत वाचून होतात.