बीएडला शिकवायला येताय? आधी आपलेच शेरे वाचा

एमएड झालं, नेट नाहीतर सेट निघाली, आता बीएड कॉलेजात लागायचंय, असं सांगणारी बरीच मुलंमुली भेटतात. पात्रता काय लागते, ५५ टक्के कुठे लागतात, हे तुम्हाला पाठच असणार, ते मी परत सांगत नाही. सुरुवातीची वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, जातील एवढं मात्र मनात धरून चला. माझी सहा गेली. मानधन कधी येईल याचा भरवसा नसायचा, दिवाळीला घरी तोंड दाखवायला नको वाटायचं. घरच्यांशी आधीच स्पष्ट बोलून ठेवा. पण घाबरू नका, ते दिवस निघून जातात.

मी ज्यात फसले ते वेगळंच होतं. पहिल्या वर्षी मला सूक्ष्म अध्यापन, म्हणजे छोट्या पाठातून एकेका अध्यापन कौशल्याचा सराव, शिकवायला दिलं. सगळं चक्र तोंडपाठ, ६ मिनिटं पाठ, ६ प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते सांगणं), १२ पुनर्नियोजन, मग परत ६ आणि ६, एकूण ३६. प्रबलन कौशल्य, म्हणजे मुलांच्या प्रतिसादाला उत्तेजन देणं, तर मी फळ्यावर इतकं छान समजावायचे की मुली वहीत जसंच्या तसं उतरवून घ्यायच्या. आणि प्रत्याभरणाची वेळ आली की पूर्ण ६ मिनिटं, सगळ्या बॅचसमोर, मी फक्त चुका काढायचे. मला वाटायचं यालाच शिस्त म्हणतात, मला तसंच शिकवलं गेलं होतं.

आंतरवासितेत, म्हणजे बीएडची मुलं शाळेत सरावाला जातात तेव्हा, एका शाळेत सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर निरीक्षणाला बसले होते. अपूर्णांकांची बेरीज चालू होती. एका मुलाने फळ्यावर १/२ + १/३ = २/५ लिहिलं. आमची छात्राध्यापिका म्हणाली, "एवढं साधं येत नाही तर इथवर आलास कसा रे?" मुलाने हातानेच उत्तर पुसलं, खडू ठेवला आणि जागेवर जाऊन बसला. ते वाक्य माझं होतं. शब्द न् शब्द. ऑगस्टमध्ये पाठ टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, तिला उद्दिष्टांची स्पष्टीकरणं लिहिता आली नाहीत तेव्हा मी तिला हेच म्हणाले होते. आणि माझ्या निरीक्षण वहीत वर्गनियंत्रणाला मी ५ पैकी ४ देऊन बसले होते, कारण वर्ग अगदी शांत होता.

त्या रात्री सगळ्यांच्या टाचणवह्या काढून स्वतःचे शेरे वाचले. फलकलेखन गिचमिड. आवाज पोचत नाही. तयारी शून्य. काय जमलं हे एकाही वहीत नव्हतं, एकाही नाही. दुसऱ्या दिवशी तिची माफी मागितली आणि आम्ही दोघींनी मिळून तो पाठ परत बांधला. त्या मुलाने वरचे वर आणि खालचे खाली मिळवले होते म्हणजे त्याने विचार केला होता, चुकीचा पण विचारच. त्याला फक्त एवढं विचारायचं होतं की अर्ध्या भाकरीत अजून एक तुकडा घातला तर ती अर्ध्यापेक्षा कमी कशी होईल? २/५ अर्ध्याहून कमीच आहे ना. हे त्याने स्वतः ओळखलं. पण परत फळ्यापाशी यायला त्याला चार दिवस लागले.

इथे अजून एक खड्डा आहे. सकारात्मक अध्यापन म्हणजे सारखं शाब्बास म्हणणं नाही. त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले, प्रत्येक उत्तराला छान, व्हेरी गुड, आणि मुलांना खोटं कौतुक लगेच कळतं हो. काय जमलं ते नेमकं सांगा. आणि थांबा! मेरी बड रो या संशोधिकेने दाखवून दिलंय की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांब येतात, गप्प मुलंही बोलायला लागतात. मी अजूनही पाठीमागे हात बांधून बोटांवर तीन मोजते.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ परीक्षेत सगळे लिहितात, पण त्यात छडीबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे हे निरीक्षणाला बसलेल्या प्राध्यापकाच्याही लक्षात राहत नाही. २०१० पासून कायदा लागू आहे, विसरायला काही कारण नाही.

मार्गदर्शक निवडताना माझं मत ठाम आहे, जो गेल्या काही वर्षांत शाळेच्या मागच्या बाकावर बसलेला नाही त्याच्याकडे पीएचडीला जाऊ नका, नाव कितीही मोठं असू दे. रेडीमेड टाचणं विकत घेऊ नका. नॉन-अटेंडिंगवाल्या, म्हणजे विद्यार्थी वर्गात न येताच बीएड होतात अशा, कॉलेजात नोकरी मिळत असेल तरी नको, तिथे तुम्हाला शिकायला वर्गच मिळणार नाही. त्यापेक्षा पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडचं, आदिवासी मुलांच्या शिक्षणाचं काम समजून घ्या. मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी शाळाच कुरणात नेली.

मुलाखतीत डेमो पाठ घ्यायला लावतात. पॅनेलमधलं कोणीतरी मुद्दाम चुकीचं उत्तर देईल. बहुतेक जण घाईत बरोबर उत्तर सांगून पुढे सरकतात. तुम्ही त्याला विचारा, "हे कसं काढलंत?" आणि मग खरंच ऐका.