पीएच.डी. प्रबंध सादर करताय? शेवटच्या दोन महिन्यांतल्या या चुका टाळा

पाच वर्षं मी गुऱ्हाळांवर काम केलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर, पन्हाळा, कागल तालुक्यांत चुलवाणाच्या धगीजवळ बसून प्रश्नावल्या भरून घेतल्या. आणि प्रबंध सादर करायला आठवडा राहिला असताना कळलं की माझ्या तीनशे पानांत ‘गुऱ्हाळ’ हा शब्दच धड उरलेला नाही. बहुतेक ठिकाणी ‘गुर्हाळ’, काही ठिकाणी नुसता चौकोन.

झालं असं की टायपिंग जुन्या फॉन्टमध्ये झालं होतं, आणि ते नव्या पद्धतीत बदलून घेताना अक्षरं बिघडली. टायपिंगवाले दादा म्हणाले होते, “फॉन्टचं काय नसतंय सर, प्रिंट झ्याक येतीय.” प्रिंट खरंच झ्याक येत होती. पण श्री-लिपी, कृतिदेव या जुन्या पद्धतीत कागदावर ‘क’ दिसला तरी संगणकाच्या लेखी ते रोमन अक्षर किंवा चिन्ह असतं. साहित्यचौर्य तपासणारं सॉफ्टवेअर कागद बघत नाही, ती आतली अक्षरं वाचतं. त्यामुळे फाइल परत येते, नाहीतर अहवाल निरर्थक निघतो. पुढे ‘शोधगंगा’ या देशभरातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात प्रबंध चढला तरी शब्द टाकून तो कुणालाच सापडत नाही.

तुमची फाइल कशी आहे हे एका मिनिटात कळतं. एक परिच्छेद कॉपी करून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा. मोबाइलवर मराठी दिसली तर युनिकोड, म्हणजे संगणकालाही मराठी अक्षर मराठीच कळतं अशी नवी पद्धत. डॉलर, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर जुना फॉन्ट. ही परीक्षा पहिलं प्रकरण टाइप झालं की लगेच घ्या.

उशीर झालाच असेल तर जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणाऱ्या कन्व्हर्टरवर भिस्त ठेवून झोपू नका. तो ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्या’ हमखास बिघडवतो. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. मराठी परिच्छेदातली इंग्रजी नावंही तो ‘मराठी’ करून टाकतो, त्यामुळे संदर्भसूचीची पार वाट लागते. म्हणून संदर्भसूची, तक्ते आणि तळटिपा वेगळ्या काढून ठेवा, फक्त मजकूर बदलून घ्या. नंतर ‘र्ह’ आणि ‘र्य’ शोधून एकेक तपासा. ‘सूर्य’ बरोबर असतो, ‘दुसर्या’ चूक असतो. सरसकट ‘रिप्लेस ऑल’ मारलं की ‘कार्य’चं ‘काऱ्य’ होतं, हे मी करून बसलोय. या कामाला पंधरा-वीस दिवस धरा. माझे सतरा गेले, आणि त्यातले चार नुसत्या तळटिपांच्या आकड्यांत.

दुसरी चूक म्हणजे चहाच्या टेबलावरचे नियम. विद्यापीठाच्या कँटीनमध्ये जो भेटेल तो आपल्या वेळचे नियम छातीठोकपणे सांगतो, आणि त्याच्यापुरते ते बरोबरही असतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१६ च्या नियमांत प्रबंधाआधी एक शोधनिबंध आणि परिषदांतली दोन सादरीकरणं सक्तीची होती. माझी नोंदणी त्या काळातली, त्यामुळे मला ती लागली. नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत ही देशपातळीवरची सक्ती निघाली. विद्यापीठाची स्वतःची अट मात्र असू शकते. मुदतीचंही तसंच. २०२२ च्या नियमांत किमान तीन वर्षं, कमाल सहा आणि पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन. महिलांना आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर दोन वर्षांची सवलत. आपलं नोंदणीपत्र हातात घ्यायचं, तारीख बघायची आणि पीएच.डी. विभागाच्या खिडकीवर त्याच तारखेचे नियम मागायचे.

तेच पत्र आणखी एका कामाला येतं. मुखपृष्ठावरचं शीर्षक त्यातल्या मंजूर शीर्षकाशी काना-मात्रेसकट जुळायला हवं. ‘एक अभ्यास’च्या जागी ‘चिकित्सक अभ्यास’ जास्त भारदस्त वाटतं म्हणून परस्पर बदलू नका, नाहीतर सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग उसवून घ्यावं लागतं. बदल हवाच असेल तर आधी मंजुरी घ्या.

साम्याच्या टक्क्यांची, म्हणजे आपला किती मजकूर दुसरीकडच्या मजकुराशी जुळतो याची, धास्ती सगळ्यांनाच असते. यूजीसीच्या साहित्यचौर्याबद्दलच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंत कारवाई नाही. दहा ते चाळीसमध्ये प्रबंध सुधारून सहा महिन्यांच्या आत द्यावा लागतो, चाळीस ते साठमध्ये वर्षभर देता येत नाही, साठच्या वर नोंदणीच रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं यात धरायची नसतात. पण अवतरणचिन्हं टाकली नसतील तर ते अवतरण आहे हे सॉफ्टवेअरला कसं कळणार? आकडा फुगलेला दिसला की आधी अहवाल उघडून कुठला मजकूर रंगलाय ते बघा. अनेकदा तो आपलाच छापून आलेला निबंध असतो. तसं असेल तर मार्गदर्शकांना लगेच दाखवा, आणि तो निबंध याच प्रबंधातून आला हे प्रबंधात नोंदवा. शब्द उलटसुलट करून टक्के उतरवायच्या नादाला लागू नका. वाक्यं लंगडी होतात आणि परीक्षकांना ते पहिल्या दहा पानांत दिसतं.

आता तोंडी परीक्षा. प्रबंध मार्गदर्शकांखेरीज किमान दोन बाह्य परीक्षक वाचतात. त्यातल्या एकाने नाकारला तर तो पर्यायी परीक्षकाकडे जातो, त्यानेही नाकारला तर संपलं. म्हणजे तुम्ही खोलीत पाऊल टाकता तेव्हा प्रबंध अहवालांतून पार झालेला असतो. तरी लोक साठ स्लाइड्स घेऊन येतात आणि निम्मा वेळ संकल्पनेच्या व्याख्यांत घालवतात. वीस पुरेत, त्यातही निष्कर्षांना जास्त. उलट ज्या कागदाची तयारी करायची तो बाजूला पडतो: परीक्षकांचे अहवाल. ते मिळाले की प्रत्येक सूचनेपुढे पान क्रमांक टाकून उत्तर लिहून ठेवा.

मला पहिलाच प्रश्न आला, “शिरोळ तालुका का नाही?” मी ‘प्रातिनिधिक नमुना’ वगैरे शब्द फेकायला लागलो. परीक्षक शांतपणे म्हणाले, “मग शिरोळ प्रातिनिधिक नाही का?” घाम फुटला. शेवटी माझ्या मार्गदर्शक सरांनीच टोकलं, “अरे, खरं काय ते सांग की.” खरं इतकंच होतं की २०१९ च्या महापुरात शिरोळचा ऊस पाण्याखाली गेला आणि त्या हंगामात मला तिथं नमुना मिळेना. हे ऐकून परीक्षकांचा चेहरा उलट खुलला. मर्यादांच्या परिच्छेदात ते एक वाक्य लिहिलं असतं तर प्रश्नच आला नसता.

पावसावरून आणखी एक. जुलै-ऑगस्टची तारीख मिळत असेल तर जपून. २०१९ आणि २०२१ मध्ये कोल्हापूरच्या शिरोलीजवळ पाणी येऊन पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता. बाहेरगावचे परीक्षक गाडीत अडकले तर तुमची तारीख गेली. २०२२ च्या नियमांत ऑनलाइन परीक्षेची मुभा आहे. तशी व्यवस्था होईल का, हे विभागात आधीच विचारून ठेवा.

परीक्षा झाली की पेढे वाटायच्या गडबडीत जुनीच पीडीएफ ग्रंथालयात जाते. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरी फायनल’ अशा नावांच्या फाइल्स असतील तर हे ठरलेलं. सुचवलेल्या दुरुस्त्या केलेली फाइल वेगळ्या नावाने, तारीख टाकून ठेवा, आणि सीडी किंवा पेन ड्राइव्ह देण्याआधी तिथेच उघडून एकशे सत्तेचाळिसाव्यासारखं कुठलं तरी मधलंच पान बघा. माझ्या फाइलमध्ये त्या पानावर अजून एक ‘गुर्हाळ’ राहिलं होतं.