गावाला पवनचक्क्या येणार म्हणे! मंडळाच्या मीटिंगआधी एवढं करा

पाटण-साताऱ्याकडचे जे लोक परळ, घाटकोपरला राहतात ना, त्यांच्या ग्रामस्थ मंडळात पवनचक्कीचा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते विकास, दुसरी म्हणते डोंगर वाचवा, आणि ज्याची गुरं पवनचक्क्या येणार त्या पठारावर चरतात तो मीटिंगला नसतोच, तो गावाला.

म्हणून पहिला फोन त्याला. "हवी का नको" असं विचारू नका, लोक मुंबईकराला बरं वाटेल तेच बोलतात. गुरं कुठं नेता, झरा कुठल्या बाजूला, वनकुसवडे-चाळकेवाडीला (तिथं पवनचक्क्या आधीच आहेत) सोयरे असतील तर त्यांचा अनुभव काय, हे विचारा. बायकांशी वेगळं बोला, सरपणाला त्याच जातात.

मग गट नंबर मिळवा आणि सरकारच्या महाभूलेख साइटवर सातबारा बघा. सामाईक खात्यात मुंबईतल्या चुलत्यांची नावं असतात, कंपनीचा एजंट सहीसाठी इथपर्यंत येतो, तेव्हा खरेदीखत आहे का भाडेपट्टा ते वाचल्याशिवाय पेन उचलायचं नाही.

आता पर्यावरणाचं. खांबाला जागा थोडीच लागते हो, खरी वाट लावतो तो रस्ता! एवढं लांबलचक पातं ट्रेलरवरून वर न्यायचं म्हणजे घाट रुंद करा, कातळ फोडा, मग पावसाचं पाणी वाट बदलतं, माती खाली येते, आणि पठारावर माती असते ती मुळात बोटभर, पावसाळी फुलं त्याच्यावरच येतात. त्यामुळे रस्त्याचा नकाशा मागाच. घरांपासून अंतर पण विचारा, केंद्राच्या २०१६ च्या गाइडलाइनमध्ये ५०० मीटर दिलंय.

आणखी एक, केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण मंजुरीच्या नियमात (ईआयए अधिसूचना) पवनचक्कीला पर्यावरण मंजुरी लागत नाही, म्हणजे त्यातली जनसुनावणी पण नाही (वनजमीन असेल तर मात्र वनखात्याची परवानगी लागते). मग बोलायची जागा उरते ग्रामसभा. आधीच ठराव झालाय का बघा, कॉपी देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज टाका.

मी विरोधातला नाही बरं का. जून ते सप्टेंबर आपल्याकडे वारा जोरात, तेव्हाच ऊन गायब, सोलर थंड पडतं, आणि कोळशाचा धूर कुणाच्या तरी गावावर जातोच. पण जिथं जुन्या बारक्या मशिनी आहेत तिथं त्या काढून मोठ्या बसवा की आधी, कोरं पठार कशाला फोडायचं?

मीटिंगमध्ये हात वर करून मतदान घेऊ नका. गावाकडचे मुद्दे वाचून दाखवा, अटी लिहून काढा आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (म्हणजे पूर्वीचा ग्रामसेवक) १ मेच्या ग्रामसभेआधी पोचवून पोच घ्या, तसंही सुट्टीला आपण सगळे तिकडंच असतो.