व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर पलीकडे कोण आहे, याची खात्री कशी करावी?

केळीचा भाव, गाडी कधी भरायची, पैसे कोणत्या खात्यात टाकायचे... जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल या केळीच्या पट्ट्यात ही बोलणी आता सर्रास व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर होतात. २०१६ पासून हे कॉल कुलूपबंद आहेत, म्हणजे वाटेत कुणाला ते ऐकता येत नाहीत. पण कुलूप लागलंय ते नक्की कुणाच्या फोनशी? मध्ये कुणी बसला आणि त्यानं दोघांशी वेगवेगळं कुलूप लावलं, तर दोघांनाही सगळं ठीकच वाटेल.

ते पकडायला ६० आकड्यांचा सुरक्षा कोड असतो. दोन्ही फोनमध्ये या कुलपाच्या ज्या किल्ल्या असतात, त्यांपासून तो तयार होतो. मध्ये कुणी असेल तर दोघांचे आकडे जुळत नाहीत.

माणूस समोर असेल तर काम सोपं. चॅट उघडा, वरच्या नावावर बोट ठेवा, ‘एन्क्रिप्शन’मध्ये जा. तिथला चौकोनी कोड एकानं दुसऱ्याच्या फोनवरून स्कॅन करायचा. जुळला की बरोबरची खूण येते. लग्नात, बाजारात भेट झाली की तेवढं उरकून घ्या.

माणूस लांब असेल तर आकडे वाचून जुळवा, पण साध्या फोन कॉलवर. त्याच चॅटवर स्क्रीनशॉट पाठवून उपयोग नाही, कारण मध्ये बसलेला तोही बदलू शकतो. मामा सुरतेला असतात. आम्ही पाच-पाच आकड्यांचे बारा गट वाचले. ते वाचत होते, मी कागदावर खुणा करत होतो. सातव्या गटात अडलो. मामांनी चष्मा लावून पुन्हा वाचलं, तेव्हा जुळलं. त्यांचा अहिराणी हेल मी लहानपणापासून ऐकतोय, म्हणून या पद्धतीवर माझा भरवसा आहे. ओळखीचा आवाज नसेल तर भेटूनच जुळवा.

टेलिग्रामवर याहून सुटसुटीत आहे. कॉल सुरू असताना चार चित्रं दिसतात, ती एकमेकांना सांगायची.

आता व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये अकाउंटखाली सुरक्षा सूचना चालू करा. समोरच्याचा कोड बदलला की चॅटमध्ये ओळ येईल. बहुतेकदा नवा फोन किंवा पुन्हा टाकलेलं अ‍ॅप, एवढंच कारण असतं. तरीही त्या दिवशी खाते क्रमांक बदलल्याचा निरोप आला तर पैसे पाठवू नका. आधी कोड पुन्हा जुळवा. सिमच चोरलं असेल तर साधा फोनही चोरालाच लागेल, म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नंबरवर फोन करून विचारा.

तुमचा स्वतःचा नंबर कुणी बळकावू नये म्हणून टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा. तो पिन आणि ओटीपी कुणालाच सांगू नका, अगदी मामांनी मागितला तरी.