रिवाइंड केलेला डायनामो चार्ज करत नाही? आधी ‘झटका’ द्या

आखाजीला शेडमधली जुनी गाडी बाहेर काढली, डायनामो (बॅटरी चार्ज करणारं जनित्र) नुकताच रिवाइंड करून, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून आणलाय, तरी चार्जिंगचा लाल दिवा विझत नाही. पुष्कळदा बिघाड काहीच नसतो. फील्डच्या (आतल्या स्थिर कॉइलच्या) लोखंडातलं चुंबकत्व गेलेलं किंवा उलटं झालेलं असतं. बॅटरीचा क्षणभर झटका देऊन ते परत आणायचं. बॅटरीची अर्थ (बॉडीला जोडलेलं टोक) बदलली तरी हेच करावं लागतं.

लुकास पद्धतीच्या डायनामोसाठी (जुन्या अॅम्बेसेडरला हाच):

१. इंजिन बंद. डायनामोवरच्या D (मोठा स्क्रू, जाड तार) आणि F (लहान स्क्रू, बारीक तार) या दोन्ही तारा काढा. धुळे-जळगावच्या उन्हात इन्सुलेशन तडकलेलं असतं, तेही आताच बघून घ्या.

२. बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकापासून एक तार आणा आणि F च्या स्क्रूला तीन-चार वेळा क्षणभर टेकवा. बारीक ठिणगी उडेल. धरून ठेवू नका.

३. तारा परत लावण्याआधी D-F एका तुकड्याने जोडा, तिथून बॉडीपर्यंत व्होल्टमीटर लावा. गाडी सुरू करून रेस हळूहळू वाढवा. काटा सरळ चढला आणि दिशा बरोबर असली की काम झालं. २० व्होल्टच्या वर नेऊ नका.

मग तुकडा काढा, D ला D, F ला F.

सावधान: F ची तार कटआउटला (रेग्युलेटरच्या डबीला) जोडलेली असताना झटका देऊ नका, रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. आणि ही रीत फक्त फील्डचं एक टोक आतूनच बॉडीला असलेल्या डायनामोची. जुन्या अमेरिकन जीपवर आंधळेपणाने वापरू नका.