काळ्या मातीवरचा डेक आणि त्याचे दिवे : या चुका टाळा

सोलापुरात बागेतला डेक, म्हणजे फळ्यांचा उघडा ओटा, ही सूर्य मावळल्यानंतर वापरायची जागा आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर गेला की डब्ल्यूपीसीची (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाची) फळी अनवाणी पायाला तव्यासारखी लागते आणि दिवसा तिथे कोणी फिरकत नाही. म्हणजे डेकवर बसण्याचे बहुतेक तास अंधारातले असतात. तरीही घरमालक फळीच्या रंगावर महिनाभर खल करतात आणि दिव्यांची खरेदी वास्तुशांतीच्या आधीच्या दोन दिवसांत उरकतात. गेली पंधरा-सोळा वर्षे मी जुळे सोलापूर, होटगी रोड आणि विजापूर रोड या भागांतल्या बंगल्यांच्या बागांची विजेची कामे करतो आहे. मला ज्या तक्रारींसाठी बोलावले जाते, त्या फिरून फिरून त्याच पाच-सहा चुकांपाशी येऊन थांबतात. त्यांतली सर्वांत घातक चूक मी स्वतः केलेली असल्यामुळे सुरुवात तिच्यापासून करतो.

मातीत पुरलेला सांधा

विजापूर रोडच्या बाजूला एका निवृत्त शिक्षकांच्या बंगल्यात बारा बाय सोळा फुटांचा डेक होता आणि त्याच्या तीन बाजूंना अडीच फूट उंचीचे सहा धातूचे बोलार्ड, म्हणजे बुटक्या खांबासारखे दिवे, बसवायचे होते. दिवाळी चार दिवसांवर आली होती आणि शेवटच्या दोन दिव्यांपाशी केबल दोन मीटर कमी पडली. बाजारात एक फेरी मारली असती तर अख्खे नवे बंडल आले असते. परंतु मी घाई केली, उरलेला तुकडा जोडला, तारा पिळून वर पीव्हीसी टेपचे सात-आठ वेढे दिले आणि माती लोटली. दिवाळीत दिवे छान लागले, सरांनी पाठ थोपटली आणि पुढचा उन्हाळाही निभावला. सप्टेंबरात, म्हणजे आपल्याकडे पाऊस खऱ्या अर्थाने पडतो त्या महिन्यात, घरातला ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) रोज संध्याकाळी पडू लागला. मी त्या आठवड्यात गावाला गेलो होतो, म्हणून सरांनी दुसऱ्या एका वायरमनला बोलावले आणि त्याने पाच मिनिटांत तोडगा काढला : बागेची लाइन ईएलसीबीमधून काढून थेट जोडून दिली. चारच दिवसांनी ओल्या मातीत उभ्या असलेल्या माळीमामांनी गवत काढताना बोलार्डला हात लावला आणि ते मागे फेकले गेले. पायात रबरी चपला होत्या, म्हणून वाचले.

मी येऊन चर उकरला तेव्हा सगळा प्रकार उघड झाला. काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात तीच माती फुगते. या ओढाताणीत, मी ताणून टाकलेली केबल सांध्यापाशी खेचली गेली होती, टेपचा डिंक उन्हाने विरघळून वेढे एका बाजूला सरकले होते आणि तांबे हिरवे पडले होते. अर्थिंगची तार सांध्यातून सुटून फेजला टेकली होती, त्यामुळे पुढच्या दोन बोलार्डच्या अंगात वीज उतरली होती. ईएलसीबी बिचारा हेच सांगत होता. तीस मिलिअँपिअरची गळती झाली तरी वीज तोडणारे ते यंत्र माणसाचा जीव वाचवण्यासाठीच असते. ते वारंवार पडते म्हणून त्याला वगळणाऱ्या वायरमनच्या हातात पुन्हा पक्कड देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हापासून मी मातीत सांधा ठेवतच नाही. केबल एका दिव्याच्या तळातल्या टर्मिनलपर्यंत येते आणि तिथूनच पुढच्या दिव्याकडे निघते. ती एचडीपीईच्या (टणक प्लास्टिकच्या) नळीतून सैल सोडतो, प्रत्येक दिव्यापाशी हातभर जास्तीची ठेवतो आणि चर काळ्या मातीने न बुजवता मुरूम टाकून बुजवतो. बोलार्डचा पायाही मुरूम लागेपर्यंत खणून घ्यावा, अन्यथा दोन पावसाळ्यांत सहा दिवे सहा दिशांना कलतात. सांधा टाळता येणारच नसेल, तर तो जमिनीच्या वर, आयपी ६५ दर्जाच्या (आयपी म्हणजे धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा) डबीत करावा आणि केबल डबीत खालच्या बाजूने ग्लँडमधून, म्हणजे केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून, घ्यावी.

ईएलसीबी पडत असेल, तर शोध घेण्याची माझी पद्धत साधी आहे. बागेच्या लाइनचा फेज आणि न्यूट्रल हे दोन्ही काढतो, मग एकेक दिवा जोडत जातो. पुष्कळजण फक्त बटण बंद करून पाहतात आणि तरीही ईएलसीबी पडला की घरातल्या गिझरवर संशय घेतात. बटण केवळ फेज तोडते. बागेतला न्यूट्रल कुठे ओल्या मातीला टेकला असेल, तर बटण बंद असतानाही गळती चालूच राहते. याच कारणाने बागेसाठी मी नेहमी डबल पोल एमसीबी, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा स्विच, बसवतो. तो खाली पाडल्यावर त्रास थांबला, तर दोष बागेतच आहे हे कळते आणि घर अंधारात राहत नाही.

पांढराशुभ्र फ्लडलाइट

दुसरी चूक जीवघेणी नाही, पण मला तिची चीड अधिक येते. नव्या डेकवर पन्नास वॅटचा, ६५०० केल्विनचा (म्हणजे निळसर पांढऱ्या प्रकाशाचा) फ्लडलाइट कंपाउंडच्या भिंतीवरून मारला जातो आणि पाहुणे समोरासमोर बसून डोळे किलकिले करतात. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेतली रोषणाई होम मैदानावर शोभते. चौघांनी हुरडा आणि शेंगाचटणी घेऊन बसायच्या जागी ती कशाला? लोकांना वाटते की जास्त उजेड म्हणजे जास्त दिसणे. प्रत्यक्षात डोळ्यासमोर एक प्रखर बिंदू असला की बुबुळ आकसते आणि त्याच्या पलीकडची पायरी दिसेनाशी होते. डेकवर पाय मुरगळल्याच्या ज्या घटना मला ठाऊक आहेत, त्यांतल्या बहुतेक झगझगीत उजेडातल्या आहेत.

निवड वॅट पाहून करू नये, लुमेन (उजेड किती) आणि केल्विन (प्रकाशाचा रंग कोणता) पाहून करावी. डेकसाठी २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर प्रकाश पुरेसा असतो. पायरीच्या दिव्याला तीस-चाळीस लुमेन खूप होतात, पायवाटेच्या दिव्याला शंभर ते दोनशे. खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतात, तेव्हा त्या उंचीवरून दिव्याचा बल्ब दिसता कामा नये. वर टोपी असलेला, खाली प्रकाश टाकणारा दिवा घ्यावा. खरेदीपूर्वी मी घरमालकाला एका रात्री खुर्ची टाकून डेकच्या जागी बसवतो आणि माझा पोरगा बॅटरीवर पिवळा कागद लावून ती वेगवेगळ्या जागी धरतो. अर्ध्या तासात बारा दिव्यांची यादी सहावर येते. काही उतावळ्या मंडळींना हा पोरखेळ वाटतो. तीच मंडळी सहा महिन्यांनी उजेड कमी-जास्त करणारा डिमर बसवायला बोलावतात, आणि स्वस्तातला ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा डबा) डिमरवर चालणारा नसल्यामुळे दिवे लुकलुकू लागतात.

पिवळसर प्रकाशाचा आणखी एक फायदा म्हणजे निळा अंश कमी असल्यामुळे त्यावर किडे कमी येतात. पहिल्या पावसानंतर वाळवीची पाखरे उठतात, त्या दोन-तीन संध्याकाळी मात्र कोणताही रंग उपयोगी पडत नाही. डेक काळोखात ठेवून कंपाउंडच्या टोकाला एक पांढरा दिवा लावून द्यावा.

बारा व्होल्टची लांब शर्यत

बारा व्होल्टचे दिवे बागेसाठी सुरक्षित, हे खरे आहे. परंतु ट्रान्सफॉर्मर पोर्चमध्ये आणि डेक वीस मीटरवर असेल, तर हिशोब करावाच लागतो. साठ वॅटचे दिवे म्हणजे पाच अँपिअर. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून ते जाऊन-येऊन चाळीस मीटर फिरले की सुमारे २.४ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात, म्हणजे पाचवा हिस्सा. शेवटचा दिवा मलूल दिसतो आणि दुकानदाराला दोष दिला जातो. तोच भार चोवीस व्होल्टवर घेतला, तर प्रवाह निम्मा होतो आणि तूट पाच टक्क्यांच्या आसपास येते. मी वीस मीटरपुढे सरळ चोवीस व्होल्ट घेतो किंवा अडीच चौरस मिलिमीटरची तार टाकतो.

ड्रायव्हर पश्चिमेच्या भिंतीवर, पत्र्याच्या बंद पेटीत ठेवू नये. मे महिन्यातल्या दुपारी त्या पेटीत कपॅसिटर अक्षरशः शिजतो. ढोबळमानाने दर दहा अंशांच्या वाढीमागे त्याचे आयुष्य निम्मे होते. पूर्वेची किंवा उत्तरेची सावली शोधावी आणि शंभर वॅटच्या ड्रायव्हरवर सत्तर-ऐंशी वॅटच टाकावेत.

उरलेल्या किरकोळ गोष्टी

जमिनीत बसणारा दिवा आयपी ६७ असला, तरी त्याच्याखाली फूटभर खडी हवी, कारण त्या दर्जाची चाचणी मीटरभर पाण्यात अर्ध्या तासाची असते आणि काळ्या मातीतले डबके आठवडाभर हटत नाही. खांबावरच्या दिव्यांसाठी आयपी ६५ पुरते. त्याहून कमी दर्जाचा दिवा आपल्या धुळीत टिकत नाही. सोलर दिवे आंब्याच्या सावलीत खोचून वर ऊन भरपूर असल्याचे सांगणाऱ्यांशी मी वाद घालणे सोडले आहे. बोअरच्या पाण्याचा फवारा काचेवर येत असेल, तर क्षारांचा पांढरा थर दिवा निम्मा झाकतो. फवाऱ्याचे तोंड वळवावे आणि काच लिंबाच्या फोडीने पुसावी. घड्याळी टायमरऐवजी प्रकाशाचा सेन्सर घ्यावा, कारण सोलापुरात डिसेंबरातला आणि जूनमधला सूर्यास्त यांत सुमारे तासाभराचे अंतर असते.

चर बुजवण्यापूर्वी मात्र एक काम न विसरता करावे. केबलच्या मार्गावर मोजमापाची टेप पसरून, कंपाउंडपासूनचे अंतर दिसेल असे फोटो काढावेत आणि त्यांची छापील प्रत डीबीच्या (विजेच्या मुख्य पेटीच्या) दाराला आतून चिकटवावी. सरांच्या घरी ती प्रत आजही आहे आणि माळीमामा कुदळ उचलण्याआधी डीबीचे दार उघडून पाहतात.