जीवशास्त्राकडून शाश्वत पदार्थांच्या संशोधनाकडे वळताय? या चुका टाळा

सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करून मी जैवप्लास्टिकच्या कामात आले. तेव्हापासून एक प्रश्न सारखा कानावर येतो, ‘मॅडम, आम्हाला जमेल का? केमिस्ट्री तर कधीच सुटली.’ जमतं. पण सुरुवातीची दीड-दोन वर्षं ठरावीक जागी पाय घसरतो. तिथे मीही घसरले आहे, म्हणून त्या जागा सांगते.

हवेची नोंद न ठेवणं

माझी पहिली फिल्म, म्हणजे प्लास्टिकसारखा पातळ पापुद्रा, मक्याच्या स्टार्चची होती. स्टार्च, पाणी आणि थोडं ग्लिसरीन ढवळत गरम करायचं, खळीसारखं दाट आणि पारदर्शक झालं की पेट्री डिशमध्ये ओतून वाळवायचं. ऑगस्ट महिना होता, पुण्यात पावसाची झड लागली होती. डिशमधून सोललेली फिल्म बोटाभोवती गुंडाळली तरी तिला चीर जात नव्हती. ग्लिसरीनचं प्रमाण ठरलं म्हणून मी वहीत लिहून टाकलं, गाईडना दाखवलंसुद्धा. पुढच्या एप्रिलमध्ये तेच प्रमाण, तीच भांडी, आणि फिल्म डिशमधून काढतानाच पापडासारखी मोडली. स्टार्चची नवी पिशवी, ग्लिसरीनची जुनी बाटली, ओव्हनचं तापमान असं एकेक तपासण्यात तीन आठवडे गेले.

फरक हवेत होता. स्टार्च हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ते पाणी ग्लिसरीनचंच काम करतं: रेणूंच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांना एकमेकींवरून सरकू देतं. पावसाळ्यातल्या माझ्या फिल्ममध्ये वहीत न लिहिलेला एक घटक होता. भर म्हणून स्टार्चची फिल्म ठेवून ठेवून आपसूकही कडक होत जाते. फ्रिजमधला शिळा भात टणक लागतो, तसंच. म्हणून आज केलेल्या फिल्मची तुलना महिन्यापूर्वीच्या फिल्मशी करायची नाही.

उपाय स्वस्त आहे. ताण-चाचणीआधी, म्हणजे फिल्म ओढून तिची ताकद मोजण्याआधी, प्रत्येक नमुना २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत किमान ४० तास ठेवायची रीत आहे. खास चेंबर नसेल तर झाकण घट्ट बसणारा डबा घ्या आणि त्यात मॅग्नेशियम नायट्रेटच्या संपृक्त द्रावणाची वाटी ठेवा. २५ अंशांना आतली आर्द्रता ५३ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहते. शेजारी साधा हायग्रोमीटर ठेवा आणि त्याचं रीडिंग तारखेसह लिहा. हे लिहिलेलं नसेल तर ताणबळाचा आकडा कितीही सुबक असो, मी तो धरत नाही.

पाच तुकडे म्हणजे पाच नमुने समजणं

पदार्थाच्या एकाच पत्र्यातून (शीटमधून) डंबेलच्या आकाराचे पाच तुकडे कापायचे, यंत्रावर ओढायचे आणि सरासरी द्यायची, अशी पद्धत पदार्थांच्या प्रयोगशाळांत सर्रास दिसते. जीवशास्त्रातून आलेल्या माणसाला इथे खटकायला हवं. एकाच फ्लास्कमधून पाच वेळा पिपेट केलं म्हणून पाच स्वतंत्र संवर्धनं होत नाहीत, हे आपल्याला पहिल्या वर्षापासून शिकवलेलं असतं. पण नव्या जागी नवखेपणाच्या संकोचाने आपण गप्प बसतो. बसू नका. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या घाण्यातून (बॅचमधून) केलेले किमान तीन पत्रे घ्या. बुरशीच्या तंतूंपासून किंवा जिवाणूंच्या सेल्युलोजपासून केलेल्या पदार्थात तर एका घाण्यात आणि दुसऱ्यात जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो.

‘जैव’ शब्दाची गफलत

‘जैवस्रोती’ आणि ‘जैवविघटनशील’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ब्राझीलमध्ये उसाच्या इथेनॉलपासून पॉलिएथिलीन करतात. त्याचा कच्चा माल शेतातला आहे, पण रेणू नेहमीच्याच पॉलिएथिलीनचा, त्यामुळे मातीत तो तसाच पडून राहतो. उलट पीबीएटी नावाचं प्लास्टिक खनिज तेलापासून बनतं आणि कंपोस्टमध्ये त्याचं विघटन होतं. पीएलए या पिकांतल्या साखरेपासून होणाऱ्या प्लास्टिकचं तर फारच गैरसमजाने कौतुक होतं. औद्योगिक कंपोस्टमध्ये, साधारण ५८ अंशांना, ते नीट विघटित होतं. परसातल्या खड्ड्यात किंवा समुद्रात तसं होईल असं धरून चालू नका.

इथे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने ठाम उभं राहिलं पाहिजे. मातीत पुरलेल्या फिल्मचे तुकडे झाल्याचा फोटो किंवा घटलेलं वजन हा विघटनाचा पुरावा नाही, तुकडे सूक्ष्मप्लास्टिकही असू शकतात. सूक्ष्मजीवांनी तो कार्बन खरोखर वापरला का, हे बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवरून मोजावं लागतं. कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, सहज विघटित होणारं सेल्युलोज सोबत लावायचं. प्रमाणित कंपोस्ट-चाचणीत ४५ दिवसांत सेल्युलोजचंच ७० टक्के विघटन झालं नाही, तर ती चाचणीच बाद धरतात. गटात हे सांगणारं दुसरं कुणी नसतं. तुम्ही सांगा.

पेशीत सापडलं म्हणजे वस्तू झाली असं मानणं

मॉरिस लेम्वान्य यांनी १९२६ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये बॅसिलस मेगॅटेरियम या जिवाणूतलं पीएचबी (पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट) हे नैसर्गिक प्लास्टिक ओळखलं. जिवाणूच्या दृष्टीने तो अडीअडचणीसाठी साठवलेला कार्बन. त्यापासून केलेल्या शाम्पूच्या बाटल्या दुकानात यायला १९९० उजाडलं. शुद्ध पीएचबी ठिसूळ असतं. ते १७५ अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याच्या थोडंच वर गेलं की साखळ्या तुटायला लागतात, म्हणजे साच्यात ओतायला जेमतेम फट उरते. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने जिवाणूंच्या खाद्यात बदल करून साखळीत व्हॅलरेट या दुसऱ्या घटकाचे दुवे आणले. त्याने पदार्थ लवचीक झाला, कमी तापमानाला वितळू लागला, आणि मग बाटली झाली. हे उत्तर किण्वनाच्या टाकीतून आलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

म्हणून विघटनाची चाचणी लावायच्या आधी डीएससी आणि टीजीए या तापवून करायच्या दोन चाचण्या करून घ्या. काचसंक्रमण तापमान (ज्याच्या वर कडक पदार्थ मऊ पडतो) कुठे आहे, वितळण्याचं कुठे, साखळ्या कधी तुटतात, हे तीन आकडे हाताशी हवेत. पीएलएचं काचसंक्रमण ५५ ते ६० अंशांत असतं, त्यामुळे साध्या पीएलएच्या पेल्यात उकळता चहा ओतला की पेला लुळा पडतो.

कच्चा माल फुकट धरणं

उसाच्या चिपाडावर बुरशी वाढवून पॅकिंगचा ठोकळा करायचा, असा माझा एक प्रस्ताव होता. त्यात मी चिपाडाला ‘टाकाऊ’ लिहिलं होतं. कोल्हापूर भागातल्या एका कारखान्यात गेले तेव्हा तिथले केमिस्ट म्हणाले, ‘मॅडम, टाकाऊ कोण म्हणतंय? बॉयलर त्याच्यावरच चालतोय की.’ खरंच होतं. जळून वाफ आणि वीज देणारी ती वस्तू आहे. ताज्या चिपाडात निम्मं पाणी असतं, गळीत हंगाम वर्षातले काहीच महिने, आणि बाकीचे महिने माल साठवायचा तर त्यात नको ती बुरशी शिरते. माझ्या ठोकळ्यांवर तर ट्रायकोडर्मा या नकोशा बुरशीचा हिरवा थर चढायचा. तो टाळायला मी ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात) जास्त वेळ देत गेले, आणि विजेचा हिशेब शेवटच्या वर्षी केला. तो पहिल्या महिन्यात, अंदाजे का होईना, करायला हवा होता: निर्जंतुक करायला किती, वाळवायला किती, गाडीभाडं किती. विदर्भातल्या कापसाच्या पऱ्हाट्यांचंही तेच आहे. शेतात ढीग दिसतो, पण हलक्या मालाने गाडी भरते ती जागेने, वजनाने नाही.

अर्ज करताना

नव्याने पदवी घ्यायची गरज बहुतेकांना पडत नाही. एम.एस्सी.नंतर लगेच वळायचं असेल तर गेट या प्रवेशपरीक्षेच्या एक्सई (इंजिनिअरिंग सायन्सेस) पेपरमध्ये पॉलिमर आणि मटेरियल्सचे विभाग आहेत, मात्र त्यात इंजिनिअरिंगचं गणित सक्तीचं असतं, त्याची तयारी आधी सुरू करा. पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), मुंबईत माटुंग्याची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था) आणि कापूस संशोधनाची सिरकॉट इथे कोण कशावर काम करतंय ते वाचून, त्या कामाबद्दल एखादा नेमका प्रश्न घेऊनच ईमेल लिहा. ‘मला शाश्वततेची आवड आहे’ या वाक्याने पत्र सुरू करू नका. गटाला जे येत नाही आणि तुम्हाला येतं ते पहिल्या ओळीत लिहा: स्ट्रेन (सूक्ष्मजीवाचा वाण) सुधारणं, किण्वन लावणं, किंवा विघटनाची चाचणी कंट्रोलसकट उभी करणं.